कमी खर्चात नायगरा धबधबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांकडे आलेले आई-वडील, शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी आणि नव्याने नोकरीला लागलेली कुटुंबे यांच्या पहिल्या मोठ्या सहलीचे ठिकाण बहुधा नायगराच असते. ही सहल खर्चिक असते असा समज रूढ आहे आणि जाहिरातींतील तिकिटांची यादी पाहिली की तो पक्का होतो. प्रत्यक्षात नायगराचा उत्तम भाग विनामूल्य आहे. पैसे लागतात ते वाहन, मुक्काम आणि एखाद-दुसऱ्या निवडक अनुभवासाठी. खालील प्रश्नोत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत.

नायगरा धबधबा पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते का?

नाही. अमेरिकेच्या बाजूचे नायगरा फॉल्स स्टेट पार्क वर्षभर, दिवसरात्र खुले असते आणि पायी आत जाणाऱ्याला प्रवेशशुल्क नाही. कॅनडाच्या बाजूलाही नदीकाठचा रस्ता, क्वीन व्हिक्टोरिया पार्क आणि टेबल रॉकचा कठडा सर्वांना मोकळा आहे. शुल्क आहे ते बोट, लिफ्ट, मनोरा, धबधब्यामागील बोगदे अशा स्वतंत्र गोष्टींचे.

हे आपोआप घडलेले नाही आणि खर्चाचा विचार करणाऱ्या प्रवाशाने त्यामागची हकिकत जाणून घ्यावी असे मला मनापासून वाटते. एकोणिसाव्या शतकात धबधब्याच्या अमेरिकन काठावरील जमीन खासगी मालकांकडे होती. काठावर गिरण्या आणि कारखाने उभे राहिले होते, कुंपणे घातली गेली होती आणि नुसता धबधबा दृष्टीस पडावा म्हणूनही लोकांना पैसे मोजावे लागत होते. याविरुद्ध ‘फ्री नायगरा’ ही चळवळ उभी राहिली. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि चित्रकार फ्रेडरिक चर्च हे तिचे अग्रणी होते. १८८३ मध्ये न्यू यॉर्क राज्याचे राज्यपाल ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी संबंधित कायद्यावर सही केली, राज्याने जमीन विकत घेतली आणि १५ जुलै १८८५ रोजी हा परिसर सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. अमेरिकेतील हे सर्वांत जुने स्टेट पार्क मानले जाते. कॅनडातील नायगरा पार्क्स आयोगाची स्थापनाही १८८५ सालचीच. ‘सगळे तिकीटच आहे’ असे म्हणत जे लोक पार्किंगजवळच्या खिडकीपासूनच पाकीट उघडतात, त्यांनी आधी सरळ कठड्यापर्यंत चालत जावे. तिथे कोणी अडवत नाही.

अमेरिकेच्या बाजूने पाहावा की कॅनडाच्या?

दोन्ही बाजूंचा अनुभव वेगळा आहे. नायगरा म्हणजे एक धबधबा नसून तीन आहेत. नालाच्या आकाराचा प्रचंड हॉर्सशू फॉल्स, त्याच्या शेजारी अमेरिकन फॉल्स आणि या दोहोंमधील चिंचोळा ब्रायडल व्हेल. नदीचे सुमारे ९० टक्के पाणी हॉर्सशूवरून कोसळते. त्याची उंची साधारण ५७ मीटर आहे.

कॅनडाच्या काठावरून तिन्ही धबधबे समोरून, पडद्यावर पाहावेत तसे एका नजरेत दिसतात. कॅलेंडरांवर आणि पोस्टकार्डांवर दिसणारे दृश्य ते हेच. अमेरिकेच्या बाजूला असे समोरून दर्शन होत नाही, मात्र आपण पाण्याच्या अगदी कडेला उभे असतो. प्रवाह हातभर अंतरावरून धावत येतो, काठावर हिरवट काचेसारखा वाकतो आणि दिसेनासा होतो. दोन्ही बाजू सहज पाहता येत असतील तर अवश्य पाहाव्यात. एकच शक्य असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर अमेरिकेत असणाऱ्याने अमेरिकेची बाजू व कॅनडात असणाऱ्याने कॅनडाची बाजू निवांतपणे पाहावी आणि दुसरी बाजू राहिल्याची चुटपुट मनाला लावून घेऊ नये.

आई-वडिलांकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे. त्यावर पूल ओलांडून कॅनडात जाता येईल का?

केवळ अमेरिकेच्या व्हिसावर जाता येत नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा आधीच काढावा लागतो आणि तो पुलावर मिळत नाही. अर्जाचे शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे देण्याचे ८५ डॉलर आहे. म्हणजे दोघांचे मिळून ३७० डॉलर झाले. शिवाय ठसे देण्यासाठी केंद्रावर जाण्याचा खर्च वेगळा. केवळ धबधबा समोरून दिसावा यासाठी एवढा खर्च करणे मला योग्य वाटत नाही. टोरांटोला नातेवाईक असतील, तिथे आठवडाभर राहायचे असेल, तर गोष्ट निराळी. हा व्हिसा पुष्कळदा अनेक वर्षांसाठी मिळतो, त्यामुळे पुढेही उपयोगी पडतो.

अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणाऱ्यांना कॅनडाच्या व्हिसाची गरज नाही. त्यांनी वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड सोबत ठेवावे. कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीय नागरिकांना मात्र अमेरिकेच्या बाजूस येण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो. ज्यांच्या पासपोर्टवरील अमेरिकेच्या व्हिसाची मुदत संपली आहे आणि जे नोकरीच्या कागदपत्रांवर राहत आहेत, त्यांनी जाणकार वकिलाला विचारल्याशिवाय पूल ओलांडू नये.

कागदपत्रे व्यवस्थित असतील तर दोन्ही काठांना जोडणारा रेनबो ब्रिज पायी ओलांडणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. गाडी अमेरिकेच्या बाजूलाच ठेवावी. चालण्याचे अंतर थोडे आहे, पादचाऱ्यांचा टोल किरकोळ आहे आणि पुलाच्या मध्यावरून धबधब्याचे जे दर्शन होते ते कोणत्याही मनोऱ्यावरील दृश्यापेक्षा कमी नाही.

कमी खर्चासाठी कोणता काळ उत्तम?

लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटून गेल्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ. माझे हे मत ठाम आहे आणि त्याला केवळ खोल्यांचे उतरलेले दर एवढेच कारण नाही.

नायगरा नदीचे बरेचसे पाणी दोन्ही देश वीजनिर्मितीसाठी वरच्या अंगाला वळवून घेतात. धबधब्यावरून किमान किती पाणी पडू द्यायचे हे १९५० च्या करारात ठरलेले आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १० आणि १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी सोडावे लागते. इतर वेळी, म्हणजे रात्री उशिरा आणि संपूर्ण हिवाळ्यात, ही मर्यादा निम्मी होते. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यात दिवसा जाणाऱ्याला जुलैतल्या गर्दीत जाणाऱ्याइतकेच पाणी पाहायला मिळते. खोली मात्र बरीच स्वस्त मिळते, बोटी सुरू असतात, रांगा लहान असतात आणि झाडांची पाने लाल-पिवळी झालेली असतात. शनिवार-रविवार टाळता आला तर आणखी उत्तम.

जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या सुट्टीमुळे जावेच लागत असेल तर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारचा मुक्काम ठरवावा. चार जुलै, लेबर डे आणि कॅनडातील एक जुलै या सुट्ट्यांना लागून जाणे हे खिशाला आणि पायांना सारखेच जड जाते.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क किंवा टोरांटोहून स्वस्तात कसे पोहोचावे?

न्यू जर्सीतील एडिसनच्या परिसरातून नायगरा साधारण ४०० मैल आहे आणि थांबे धरून आठ तास लागतात. चार जण असतील तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी सर्वांत परवडते. एकटादुकटा विद्यार्थी असेल तर रात्रीच्या बसने बफेलो गाठून तिथून स्थानिक बसने जाणे स्वस्त पडते. ॲमट्रॅकची रेल्वे न्यू यॉर्कहून थेट नायगरा फॉल्स स्थानकापर्यंत जाते. तिला साधारण नऊ तास लागतात, पण हडसन नदीच्या काठाने जाणारा तो मार्ग पाहण्यासारखा आहे आणि तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त मिळते.

न्यू यॉर्क व न्यू जर्सीहून दोन दिवसांच्या बस सहलीही निघतात. त्यांचा जाहिरातीतला दर आकर्षक असतो. तिकिटे, जेवण आणि मार्गदर्शकाची बक्षिशी त्यात धरलेली आहे का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे. अशा सहलींत धबधब्यापाशी प्रत्यक्ष किती तास मिळतात हेही विचारावे, कारण आपण एवढा प्रवास करतो तो त्या तासांसाठीच.

टोरांटोहून गो ट्रेन हा चांगला पर्याय आहे. शनिवार-रविवारी दिवसभर कितीही प्रवास करता येईल असा सवलतीचा पास मिळतो आणि गाडी घेऊन जाण्याचा, विशेषतः तिथल्या पार्किंगचा, खर्च वाचतो. नायगरा फॉल्स स्थानकापासून धबधबा बराच पुढे आहे. तिथून वीगो नावाची स्थानिक बस मिळते.

पार्किंगचा खर्च कसा वाचवावा?

कॅनडाच्या बाजूला धबधब्यासमोरील पार्किंग हे सहलीतील सर्वांत महागड्या गोष्टींपैकी एक ठरू शकते. लंडीज लेन या हॉटेलांच्या रस्त्यावर मुक्काम असेल तर गाडी हॉटेलातच ठेवून वीगोने यावे. अमेरिकेच्या बाजूला स्टेट पार्कची स्वतःची सशुल्क पार्किंगे आहेत, त्यांपैकी काही नदीतील गोट आयलंड या बेटावर आहेत. चालणे जमत नसेल तर गोट आयलंडवरचे पार्किंग पैसे वसूल करून देते, कारण तिथून हॉर्सशूच्या कडेचा टेरापिन पॉइंट जवळ आहे. चालणारे असाल तर शहरात थोडे मागे गाडी लावून पायी यावे. रस्त्याकडेला झेंडा हलवून खासगी जागेत बोलावणाऱ्यांकडे गाडी लावण्यापूर्वी पूर्ण दिवसाचा दर स्पष्ट विचारावा.

अमेरिकेच्या बाजूला विनामूल्य काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

सकाळी लवकर सुरुवात करावी. सूर्य पूर्वेला असताना अमेरिकेच्या काठावरून खाली दरीत पाहिले की तुषारांत इंद्रधनुष्य दिसते, कारण ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला उमटते. त्याच कारणाने कॅनडाच्या काठावर दुपारनंतर जावे.

प्रॉस्पेक्ट पॉइंटवर अमेरिकन फॉल्सची कड आपल्या पायाशी असते. तिथून नदीकाठाने वर चालत गेले की पुलावरून गोट आयलंडवर जाता येते. प्रथम लूना आयलंड पाहावे. अमेरिकन फॉल्स आणि ब्रायडल व्हेल यांच्या मधोमध असलेला हा खडकाचा लहानसा तुकडा. दोन्ही हातांना पाणी कोसळत असते आणि कठडा सतत ओला असतो. चष्मा असणाऱ्यांनी पुसायला कोरडा रुमाल खिशात ठेवावा, कारण दर मिनिटाला तो लागतो.

तिथून टेरापिन पॉइंट. हॉर्सशूच्या कडेला इतके जवळ अमेरिकेच्या बाजूला दुसरीकडे कुठेही जाता येत नाही. वारा आपल्याकडे वाहत असेल तर पावसात उभे राहिल्यासारखे भिजायला होते. म्हणून भारतातून आणलेला साधा रेनकोट सोबत असावा. तिथल्या दुकानात तो विकत घेण्याची गरज नाही.

यानंतर बहुतेक लोक परत फिरतात आणि इथेच ते मोठी गोष्ट गमावतात. टेरापिन पॉइंटवरून काठाने आणखी थोडे वर गेले की थ्री सिस्टर्स आयलंड्स ही एकामागोमाग एक छोट्या पुलांनी जोडलेली बेटे लागतात. इथे धबधबा नाही, धबधब्याकडे निघालेली नदी आहे. शेवटच्या बेटाच्या टोकाला उभे राहून प्रवाहाच्या दिशेने वर पाहिले की नदी आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंचावरून, पायऱ्यापायऱ्यांनी, फेसाळत अंगावर येते आहे असे वाटते. काठाशी लहान कोनाड्यांत पाणी शांत गोल फिरत असते आणि चार हातांवर तेच पाणी खडक चिरत धावत असते. मुलांचा हात सोडू नये आणि पाण्यात पाय घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण इथून खाली थांबायला जागा नाही. संपूर्ण नायगरात मला सर्वाधिक आवडणारी जागा हीच आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

गोट आयलंडवरच वीजशास्त्रज्ञ निकोला टेस्लाचा पुतळा आहे. १८९६ मध्ये नायगराची वीज बफेलो शहरापर्यंत पोहोचली ती टेस्लाच्या प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाच्या तंत्रामुळे. मुले या पुतळ्याच्या मांडीवर बसून फोटो काढतात. त्यांना ही एवढी माहिती जरूर सांगावी.

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर कशावर करावेत?

बहुतेकांनी बोटीवर करावेत. अमेरिकेच्या बाजूची बोट ‘मेड ऑफ द मिस्ट’. हे नाव इथे १८४६ पासून चालत आले आहे आणि २०२० पासून तिच्या बोटी विजेवर चालतात. तिकीट गेल्या काही वर्षांत प्रौढांसाठी ३० डॉलरच्या घरात आहे आणि त्यात निरीक्षण मनोरा व खाली नेणारी लिफ्ट यांचा समावेश होतो, तेव्हा मनोऱ्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. फेरी साधारण २० मिनिटांची असते. बोट हॉर्सशूच्या कवेत शिरते तेव्हा तिन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती असतात आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. फेरी संपल्यावर लगेच लिफ्टकडे वळू नये. धक्क्याजवळून अमेरिकन फॉल्सच्या कडेने वर जाणाऱ्या पायऱ्या त्याच तिकिटात आहेत. अंगावर बोटीवर मिळालेला निळा रेनकोट असतानाच त्या चढून घ्याव्यात.

तरुण, धडधाकट मंडळी असतील तर मी ‘केव्ह ऑफ द विंड्स’ सुचवेन. ते बोटीपेक्षा स्वस्त आहे. लिफ्टने दरीच्या तळाशी उतरून लाकडी जिन्यांनी ब्रायडल व्हेलच्या पायथ्याशी जाता येते. त्यातील ‘हरिकेन डेक’ धबधब्यापासून जेमतेम २० फुटांवर आहे. बर्फाने मोडू नयेत म्हणून हे जिने हिवाळ्यापूर्वी उतरवतात आणि दर वसंतात पुन्हा बांधतात. घालायला चपला मिळतात आणि त्या आपल्याला ठेवता येतात. हरिकेन डेकवर जाण्यासाठी मुलांची उंची किमान ४२ इंच असावी लागते.

कॅनडाच्या बाजूची बोटही साधारण त्याच पाण्यात फिरते, म्हणून दोन्ही बोटींचे तिकीट काढू नये.

सर्व ठिकाणांचा एकत्रित पास घ्यावा का?

पासातील प्रत्येक गोष्ट आपण खरोखर पाहणार असू तरच. कागदावर तीन गोष्टी लिहून त्यांच्या सुट्या तिकिटांची बेरीज करावी आणि ती पासाच्या किमतीशी ताडून पाहावी. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे एका दिवसात बोट आणि आणखी एखादी गोष्ट करतात, आणि तेवढ्यासाठी पास महाग पडतो.

मुक्काम कुठे करावा?

अमेरिकेच्या बाजूला नायगरा फॉल्स बुलेव्हार्डवर साध्या मोटेलांची रांग आहे. कॅनडाच्या बाजूला लंडीज लेन. धबधबा दिसणाऱ्या खोलीचे भाडे बरेच जास्त असते आणि आपण खोलीत असतो तो मुख्यतः झोपण्यासाठी. आरक्षण करताना ‘रिसॉर्ट फी’, पार्किंग आणि कर धरून एकूण रक्कम पाहावी. नाश्ता समाविष्ट असलेली खोली दहा-पंधरा डॉलरनी महाग असली तरी चौघांच्या कुटुंबाला ती स्वस्तच पडते.

जेवणाची सोय कशी करावी? शाकाहारी मिळते का?

अमेरिकेच्या बाजूला धबधब्याजवळच भारतीय जेवणाची बरीच उपाहारगृहे आहेत, त्यामुळे वरण-भाताला कोणी मुकणार नाही. पण ती पर्यटनस्थळाच्या दराची आहेत. एक वेळचे जेवण तिथे घ्यावे आणि बाकीचे घरचे असावे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, चटणी आणि लाडू दोन दिवस उत्तम टिकतात. पार्कमध्ये बसून खाण्यासाठी टेबले आहेत. कॅनडात जाणार असाल तर फळे, भाज्या आणि दुधाचे पदार्थ सीमेवर विचारल्यावर न लपवता सांगावेत.

कॅनडाच्या बाजूला बिलात जास्तीचे पैसे कसले लावतात?

ओंटारियोत १३ टक्के विक्रीकर आहे, तो टाळता येत नाही. मात्र धबधब्याजवळच्या अनेक उपाहारगृहांच्या आणि हॉटेलांच्या बिलांत पर्यटनवृद्धीच्या नावाने आणखी एक आकार लावलेला असतो. तो सरकारी कर नव्हे. बिल नीट वाचावे आणि नम्रपणे तो काढून टाकण्याची विनंती करावी. पुष्कळ ठिकाणी तो काढला जातो. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

रात्रीच्या रोषणाईला तिकीट आहे का?

नाही. अंधार पडल्यावर वर्षभर दररोज धबधब्यांवर रंगीत प्रकाशझोत सोडतात आणि तो दोन्ही काठांवरून विनामूल्य दिसतो. उन्हाळ्यात रात्री आतषबाजीही होते. तिचे दिवस नायगरा पार्क्सच्या संकेतस्थळावर पाहून जावे.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

झेपेल. प्रॉस्पेक्ट पॉइंट आणि टेरापिन पॉइंटचे मुख्य रस्ते पक्के आहेत. बोटीपर्यंत लिफ्ट आहे. हंगामात पार्कमधील ठिकाणे जोडणारी ट्रॉलीबस धावते आणि तिचे तिकीट माफक असते. वडीलधाऱ्यांसाठी एवढा खर्च नक्की करावा. केव्ह ऑफ द विंड्सच्या पायऱ्या मात्र ओल्या आणि बऱ्याच आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी त्या टाळाव्यात.

पाऊस लागला किंवा एखादा दिवस हाताशी उरला तर?

धबधब्यापासून काही मैलांवर लुइस्टन येथे रॉबर्ट मोझेस वीजकेंद्र आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातील ‘पॉवर व्हिस्टा’ हे प्रदर्शन विनामूल्य आहे आणि शाळकरी मुले तिथे दोन तास रमतात. वाटेत व्हर्लपूल स्टेट पार्कमध्ये नदी काटकोनात वळताना तयार झालेला प्रचंड भोवरा वरून पाहता येतो. हंगामात ‘डिस्कव्हर नायगरा शटल’ ही विनामूल्य बस या ठिकाणांना जोडते. तिचे त्या वर्षीचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे.

न्यू जर्सीकडे परतताना गाडी असेल तर वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कला थांबावे. साधारण दोन मैलांच्या अरुंद घळीत १९ धबधबे आहेत आणि वाट त्यांतील काहींच्या मागून जाते. शुल्क फक्त गाडीचे आहे. पायऱ्या पुष्कळ असल्याने ज्येष्ठांना खालच्या टोकापाशी थांबवून इतरांनी वर जाऊन यावे. हिवाळ्यात ही वाट बंद असते.